चालत्या गाडीचं चाक

गंगाधर खानझोडे कोणतीही वस्तू ठोकून पाहिल्याशिवाय घरात आणत नसत. माठ, नारळ, कलिंगड हे सगळेच ठोकून घेतात. गंगाधरराव लोखंडी कपाट, पाटा, दाराची फळी, अगदी नव्या चपलेची टाचसुद्धा बोटाच्या पेरानं वाजवून बघत आणि कान तिरका करत. रायपूरच्या रेल्वे वॅगन कारखान्यात ते फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मालगाडीच्या डब्यांची चाकं लांब दांड्याच्या हातोडीनं ठोकायची आणि आवाज ऐकायचा, हे तरुणपणी त्यांचं काम होतं. चाक चांगलं असलं तर घंटेसारखं वाजतं, आत कुठे तडा असला तर आवाज बसका येतो. "खऱ्या चाकाले हातोडीनं काही होत नसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. भाऊबंदकीपासून निवडणुकीपर्यंत ते कुठेही लागू करत.

"मले पाहाले आले होते तेव्हा हातोडी घरी विसरले, म्हणून माझं लग्न झालं," असं त्यांच्या बायकोनं, विजयाबाईंनी, चौबे कॉलोनीतल्या बायकांना इतक्यांदा सांगितलं होतं की त्या वाक्याच्या आधीच बायका हसायला लागत.

त्यांना एकच मुलगी, पूर्णिमा. तिच्यासाठी स्थळं बघताना गंगाधररावांनी चार पोरं नापास केली. एकाचा हात हातात घेतला तर घामेजलेला लागला, एक जिना चढून आल्यावर धापा टाकत होता. वर्ध्याचा विहंग आला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की चहा बशीत सांडला. विहंग नुसता हसला आणि बशीतला चहा पिऊन टाकला. नागपुरात विमा कंपनीत नोकरी, वडील नाहीत, आई मंदाकिनीबाई शाळेत शिकवायच्या. पाहुणे गेल्यावर गंगाधररावांनी निकाल दिला, "खणखणीत पोट्टा आहे."

लग्न उन्हाळ्यात झालं. त्याच वर्षी नवीन राज्य होणार आणि रायपूर राजधानी होणार, हे ठरलं. दिवाळीपर्यंत गावाला जणू चुना लावायची घाई झाली होती. रस्त्यांवर डांबर पडत होतं, जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय येणार म्हणून खाटा बाहेर निघत होत्या. नवी ऑफिसं उघडणार, तेव्हा जावईबापूंची बदली इकडे करून घेता येईल, असा विजयाबाईंचा हिशेब होता. पहिल्या दिवाळसणाला पूर्णिमा आणि विहंग आले, ते अशा दिवसांत.

आमच्या कॉलोनीतल्या मराठी मंडळाची एक गंमत होती. भाऊबीज झाली की मंडळाच्या मैदानावर जावई विरुद्ध सासरे असा क्रिकेटचा सामना व्हायचा. माहेरी आलेल्या लेकींचे नवरे एका बाजूला, त्यांचे सासरे दुसऱ्या. पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयानं पहिली बॅटिंग करायची आणि त्याला पहिली ओव्हर टाकायची ती त्याच्याच सासऱ्यानं. जावई आउट झाला तर त्यानं सगळ्यांना चहा वाटायचा. जावयानं चौका मारला तर सासऱ्यानं त्याच्या चपला उचलून आणायच्या. मुलीकडच्यांनी वर्षभर मान खाली घालायची असते, त्याचं उट्टं त्या एका दुपारी निघायचं. बायका आत हॉलमध्ये मसालेभात आणि भजी करत असायच्या. त्यांना सामन्याचं फक्त ओरडणं ऐकू यायचं.

सामना दरवर्षी टेनिस बॉलनं होई. त्या वर्षी गंगाधरराव लेदरचा बॉल घेऊन आले.

"काहून हो खानझोडे, जीव घेता का जावयाचा?" मंडळाचे सेक्रेटरी श्यामराव माइकवरूनच म्हणाले.

"आता आपण राजधानीचे झालो. राजधानीत काय टेनिस बॉलनं खेळते कोणी?" गंगाधरराव म्हणाले, आणि सगळं मैदान हसलं.

त्यांचं वय साठीच्या आसपास. कारखान्याच्या टीमकडून कधीकाळी खेळलेले. आता धावायचे ते चार पावलं, तेही गुडघा सांभाळत. पहिला बॉल विहंगनं नुसता अडवला. श्यामराव माइकवर ओरडले, "जावईबापू घाबरून राहिले! सासूबाई, लिंबू सरबत पाठवा!" दुसरा बॉल आखूड पडला. टप्प्याला बहुतेक खडा होता, त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा वर आला. विहंग पुढे सरसावला, बॅट आधीच फिरली, आणि बॉल त्याच्या छातीवर लागला, डाव्या बाजूला, खिशाच्या जरा वर. फार मोठा आवाजही आला नाही.

विहंग हसला. "बाबा, ओवाळणी अशी घालतात का?" असं म्हणाला. खाली वाकून त्यानं बॉल उचलला, गंगाधररावांकडे टाकला. त्यांनी तो झेलला. मग विहंगचे गुडघे मुडपले आणि तो बॅटवर टेकू बघताना बॅटीसकट आडवा झाला.

कोणी म्हणालं चक्कर आली, कोणी कांदा आणायला धावलं. श्यामरावांना वाटलं जावई नाटक करतोय; ते माइकवर "थर्ड अंपायर!" असं काहीतरी म्हणाले आणि मग माइक तसाच चालू राहिला. हॉलमधून पूर्णिमा पिठाच्या हातानं आली तेव्हा त्याला जीपमध्ये घालत होते. हॉस्पिटलात त्याची छाती दाबदाबून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

मंडळातल्याच एका डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहून दिला. तरुण पोर, पोस्टमॉर्टेमची विटंबना नको, असं सगळ्यांचं मत पडलं. ते दयेपोटीच होतं. आणि त्याच दयेपोटी, कोणी कोणाला न सांगता, बॉलची गोष्ट गळून गेली. म्हाताऱ्या माणसाचा हळू टाकलेला बॉल, त्यानं कोणी मरतं का? मग उगाच त्या बापाच्या डोक्यावर कशाला ठेवायचं? "खेळता खेळता छातीत दुखलं आणि बसला," असं सगळे सांगू लागले. अंघोळ घालताना छातीवर रुपयाएवढा लालसर डाग होता. पूर्णिमानं त्यावर हात ठेवला आणि आईकडे पाहिलं.

"दवाखान्यात दाबलं नं, त्याचा आहे तो," विजयाबाई म्हणाल्या.

दहाव्याला सगळे वर्ध्याला होते. मंदाकिनीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. येईल त्याला एकच सांगत होत्या, "माझ्या विहंगाले कधी साधा ताप आला नाही. शाळेत धावण्यात पहिला यायचा."

विजयाबाई बराच वेळ ऐकत होत्या. समोर त्यांची मुलगी पांढऱ्या ओठांनी बसली होती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ताप नाही येत विहीणबाई, पण काळजात खोट असते. तुम्हाले माहीत होतं. लपवलं तुम्ही. आमच्या पोट्टीचा गळा कापला."

मंदाकिनीबाईंनी गंगाधररावांकडे पाहिलं, जणू हा शहाणा माणूस आहे, हा काही म्हणेल. गंगाधरराव सतरंजीचा धागा ओढत राहिले.

ते खोटं वागत होते, असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. खऱ्या चाकाला हातोडीनं काही होत नाही. ज्याअर्थी झालं, त्याअर्थी आत तडा होता. पाठीवर थाप मारली तेव्हा आपल्याला ऐकू आला नाही, एवढंच. बॉल नसता तर जिना चढताना झालं असतं, गाडीत बसताना झालं असतं.

पूर्णिमा वर्ध्याला राहिली नाही. महिन्याभरात कळलं की तिला दिवस गेलेत.

*

पिंकी जन्मली त्याच दिवशी विजयाबाईंनी नर्सला विचारलं, "हिचं काळीज ठीक आहे नं?" नर्स म्हणाली, "एकदम बढ़िया, अम्मा." विजयाबाईंचं समाधान झालं नाही. बापाचंही वरून बढ़ियाच दिसत होतं.

तिथून त्या घरात एक नवीन कायदा आला. पिंकीला पळू द्यायचं नाही. झोका जोरात द्यायचा नाही. दोरीवरच्या उड्या, लंगडी, नवरात्रातला गरबा, सगळं बंद. रांगायची तेव्हासुद्धा चार हात गेली की कोणीतरी उचलून घ्यायचं. पूर्णिमाला नव्या राज्याच्या एका खात्यात आधी कच्ची आणि मग पक्की नोकरी लागली, ती सकाळी डबा घेऊन मंत्रालयाकडे जायची आणि जाताना दारातून रोज सांगायची, "आई, तिला धावू देऊ नको." विजयाबाई दुपारी निजलेल्या नातीचं मनगट धरून बसायच्या. मोजत नसत, त्यांना मोजता येत नव्हतं. नुसतं चालू आहे ना, ते बघायच्या.

पोरीला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदीत. घरी कोणी पाहुणे आले आणि "काय ग, कितवीत आहेस?" असं विचारलं, तर ती म्हणायची, "चौथी में. और मेरा दिल कमज़ोर है." इतर मुलं रोल नंबर सांगतात, तसं.

शाळेत खेळाच्या तासाला ती पाण्याच्या टाकीजवळ बसायची. बाकीच्या मुली आपली घड्याळं, क्लिपा, चष्मे तिच्या ओटीत ठेवून धावायला जायच्या. ती कोणाचं काय ते नीट लक्षात ठेवून परत द्यायची. गंगाधरराव तिला आणायला लवकर गेले, की फाटकाच्या जाळीतून त्यांना हे दिसायचं. ओटी भरलेली, मान मैदानाकडे. मग ते जाळीकडे पाठ करून चहाच्या टपरीवर उभे राहायचे.

मंडळाचा तो सामना पुन्हा झाला नाही. बॉल कुठे गेला हे कोणी विचारलं नाही. मंदाकिनीबाईंची सुरुवातीला पत्रं आली, संक्रांतीला तिळगूळ आला, पिंकीसाठी एकदा हातानं विणलेलं स्वेटर आलं. पूर्णिमानं ते कपाटात ठेवून दिलं. "माहीत असून त्यांनी माझ्याशी लग्न लावलं," ती म्हणायची. पुढे पत्रं थांबली.

आणि मग एका शनिवारी पिंकीच्या दप्तरात प्लास्टिकचा निळा डबा सापडला. झाकणावर कागद चिकटवलेला, 'रिले रेस, द्वितीय'.

"हे काय होय?" विजयाबाईंनी विचारलं.

पिंकी दप्तराची चेन मागेपुढे करत राहिली.

"तू धावली?"

"एक लड़की कम थी, नानी. मैडम ने बोला तू ही आ जा."

पूर्णिमा ऑफिसातून आली, तिनं ऐकलं, आणि पोरीच्या आजवरच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गालावर चापट मारली. मग लगेच तिला छातीशी धरलं. पोरीचं काळीज भीतीनं धडधडत होतं. पूर्णिमाला ते आपल्या अंगावर जाणवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, हिले दाखवून आणा. सोमवारीच. मले सुटी नाही भेटत, विधानसभा चालू आहे."

*

गावाबाहेर हृदयाचं मोठं हॉस्पिटल झालं होतं. तिथला डॉक्टर तरुण होता, अकोल्याचा, चारुदत्त नावाचा; मराठी ऐकून खूश झाला. त्यानं पिंकीचा ईसीजी काढला, सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदय बघितलं, तिला पट्ट्यावर चालवलं, मग पळवलं. विजयाबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत बसल्या. पिंकी पळत पळत हसत होती.

"आजी, हिला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाला. "घोड्यासारखी पळेल. कोणी सांगितलं दिल कमज़ोर म्हणून?"

"हिच्या बापाले होतं," विजयाबाई म्हणाल्या. "क्रिकेट खेळता खेळता गेला. तरणाताठा."

डॉक्टर गंभीर झाला. तशी काही दुखणी घराण्यात उतरतात, म्हणाला. म्हणून नीट सांगा. आधी कधी चक्कर? घरात आणखी कोणी अचानक गेलेलं? आणि नेमकं काय करताना पडला? धावताना?

विजयाबाई म्हणाल्या, "हव, धावतानाच."

"नाही," गंगाधरराव म्हणाले. "उभा होता. बॉल लागला त्याले."

"कुठे?"

गंगाधररावांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. डाव्या बाजूला, खिशाच्या जरा वर. इतक्या वर्षांत त्यांनी ती जागा कोणाला दाखवली नव्हती, पण बोट बरोबर तिथेच गेलं.

"टेनिस बॉल?"

"लेदर. पण जोरात नव्हता, साहेब. तो हसला. बॉल उचलून मले परत दिला. मग पडला."

डॉक्टरनं नर्सला सांगून पिंकीला बाहेर पाठवलं. दार लागल्यावर म्हणाला, "काका, हृदयाचा प्रत्येक ठोका हा आधी विजेचा असतो. वीज जाते, स्नायू आवळतो. ठोका झाला की हृदय पुढच्या ठोक्यासाठी परत तयार होतं. त्या तयारीत एक अगदी बारीक क्षण असतो, डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कितीतरी बारीक. नेमका त्या क्षणाला, नेमक्या त्या जागी बाहेरून दणका बसला, तर स्नायू ताणला जातो आणि त्या ताणानंच भलत्या वेळी वीज सुटते. सगळा ताल विस्कटतो. हृदय ठोके देत नाही, नुसतं थरथरतं. एखाद-दोन पावलं माणूस चालतो, बोलतोसुद्धा. मग पडतो. त्याला फार मोठा फटका लागत नाही."

"म्हणजे आत खोट असली, तर?" गंगाधररावांनी विचारलं.

"खोट लागतच नाही. फाटत नाही, तुटत नाही, जखम होत नाही. चांगल्यातल्या चांगल्या हृदयाला होतं. आता हृदय तपासायला ते राहिले नाहीत, त्यामुळे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तुम्ही सांगता तसं झालं असेल, तर मला दुसरं काही वाटत नाही. बॉल किंचित आधी लागला असता, किंचित नंतर लागला असता, तर छाती चोळून पुढचा बॉल खेळले असते."

गंगाधरराव बराच वेळ टेबलाच्या कडेला बोट लावून बसले. ठोकलं मात्र नाही.

"आम्ही उभ्या गाडीचं चाक ठोकत होतो, साहेब," ते शेवटी म्हणाले. "चालत्या गाडीचं कोणी ठोकत नाही."

डॉक्टरला ते नीट कळलं नसावं. तो म्हणाला, "तुमचा काही दोष नाही, काका." हे वाक्य तो रोज कोणाला ना कोणाला म्हणत असणार.

ऑटोत पिंकी दोघांच्या मधे बसली होती आणि भनपुरीकडे जाणारे ट्रक बघत होती. तिच्या डोक्यावरून विजयाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पूर्णीले सांगायचं नाही काही. पोट्टी बरी आहे म्हणते डॉक्टर, तेवढं सांगू. झालं."

"आणि तिकडे वर्ध्याले?"

"तिकडे आता काय? मेलेलं माणूस परत येऊन राहिलं का? तुम्हाले या वयात नवीन भोग पाहिजे का?" मग आवाज फुटला. "मी त्या बाईले काय बोलली होती, माहीत आहे नं तुम्हाले?"

संध्याकाळी विजयाबाईंनी सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले, देवापुढे साखर ठेवली. पूर्णिमा आली, एकेक कागद वाचला, तिची नजर कुठेही थांबली नाही.

"बरी आहे म्हणते," विजयाबाई म्हणाल्या. "घोड्यासारखी पळेल म्हणे."

"त्यांचंही सगळं बरंच होतं आई. त्या दिवशी सकाळी माझ्यासोबत अनारसे खात होते. यंत्रात काय दिसते? नाही. ती पळणार नाही. मले तिले गमवायचं नाही."

तिनं कागद सारखे केले आणि मेथी निवडायला घेतली. पिंकी दाराच्या चौकटीत उभी होती. निळा डबा तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. आईचं ऐकलं आणि ती डबा घेऊन आतल्या खोलीत गेली. रडली नाही. पाण्याच्या टाकीजवळ बसायची सवय असलेलं पोर.

गंगाधरराव स्वयंपाकघरात आले आणि मुलीसमोर पाटावर बसले. विजयाबाई ओट्याशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि मान हलवली, नको.

"पूर्णे," गंगाधरराव म्हणाले, "विहंगाचं काळीज चांगलं होतं. त्याले बॉल लागला होता. माझा."

त्यांनी सगळं सांगितलं. बॉल कसा उसळला, कुठे लागला, तो काय म्हणाला, कसा पडला. डॉक्टरनं काय सांगितलं. सांगताना दोन वेळा त्यांनी "पण जोरात नव्हता" असं म्हटलं. पूर्णिमाचे हात मेथीत तसेच राहिले.

"ओवाळणी म्हणाले?" तिनं विचारलं.

"हव."

"हसून?"

"हसून."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं शेवटचं वाक्य तिला इतक्या वर्षांनी मिळालं होतं. ती ते थोडा वेळ तसंच धरून बसली. मग म्हणाली, "तो डाग. दवाखान्यातला नव्हता."

विजयाबाई गॅसकडे तोंड करून रडायला लागल्या.

"मले आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं, बाई. खऱ्या चाकाले काही होत नसते, असंच मले वाटत होतं. खोट त्याच्यातच होती, असंच वाटत होतं."

"असंच वाटत होतं," पूर्णिमा म्हणाली. "बॉलनं काही होतच नसते, असं वाटत होतं, तर मग बॉल लागला हे लपवलं काहून, बाबा?"

गंगाधररावांनी ते स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

"कुठाय तो बॉल?"

"बुढा तालाबात टाकला. हॉस्पिटलातून आलो तेव्हा खिशातच होता."

पूर्णिमा उठली. हात धुतले. कपाट उघडून तिनं ते विणलेलं स्वेटर काढलं. बाळाच्या मापाचं, पिवळं, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं. ते ती उलटसुलट करून बघत राहिली. एवढी वर्षं तिनं त्या बाईला फसवणारी म्हटलं होतं. दहाव्याला आईनं जे म्हटलं, ते तिनं मनातल्या मनात रोज म्हटलं होतं.

"परवा सुटी टाकते," ती म्हणाली. "वर्ध्याले जाऊ. तुम्ही चला. तुम्हीच सांगा त्यांना."

*

मंदाकिनीबाई आता वाकल्या होत्या. पिंकीला बघून त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि बघत राहिल्या. गंगाधररावांनी उभ्याउभ्याच सांगितलं. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

ऐकून झाल्यावर मंदाकिनीबाई म्हणाल्या, "म्हणजे माझं पोरगं बरं होतं."

"हव, विहीणबाई."

"मी सांगतच होते." त्या पूर्णिमाकडे वळल्या. "मी सांगत होते नं गं? मग मलेच वाटायले लागलं, की पोटात असताना आपलंच काही चुकलं. तेव्हा मी उपास फार करायची. त्यानं झालं असेल. असं वाटायचं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "एवढी वर्षं तेच वाटायचं."

गंगाधरराव खाली वाकले. वयानं ते मोठे होते. तरी त्यांनी विहीणबाईंच्या पायांकडे हात नेला. मंदाकिनीबाईंनी पाय मागे घेतले. रागानं घेतले असं वाटलं नाही, पण घेतले. आत जाऊन त्यांनी चहा आणला. गंगाधररावांनाही दिला. कप भरलेला होता, बशी स्वच्छ होती.

"व्याही," त्या म्हणाल्या, "तुमची गाडी किती वाजताची आहे?"

पूर्णिमा म्हणाली, "मी राहते थोडे दिवस. पिंकीही राहील."

ते एकटे परत आले. विजयाबाईंनी चौघांचा स्वयंपाक करून ठेवला होता. दारातून त्यांच्या मागे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि न विचारता दोन ताटं उचलून ठेवली.

थोड्या दिवसांचे जास्त दिवस झाले. पूर्णिमा एकदा येऊन बिनपगारी रजेचा अर्ज देऊन गेली; नाही मिळाली तर नोकरी सोडेन म्हणाली. तिकडे शाळेतही नाव घातलं. आईशी ती कामापुरतं बोलली. वडिलांना म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेत जा." तेवढंच.

एका संध्याकाळी फोन वाजला. विजयाबाई पूजेत होत्या, म्हणून गंगाधररावांनी उचलला. पलीकडे काही शब्द नव्हते, नुसती धाप ऐकू येत होती. गंगाधररावांचा हात भिंतीवर गेला.

"नाना?" पिंकी होती. "नाना, मैं अभी दौड़ के आई. पूरा ग्राउंड. दादी भी देखने आई थीं."

"बेटा, बस जरा. पाणी पी."

"नहीं, सुनो ना," ती म्हणाली, आणि तिनं बहुतेक रिसीव्हर छातीला लावला. नुसती खरखर झाली, कापडाची. त्यातून काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. गंगाधररावांनी कान तिरका केला आणि श्वास धरून ऐकत राहिले.

मागून पूर्णिमाचा आवाज आला, "कोणाशी बोलून राहिली?"

"नाना से."

ताटं मांडल्याचा आवाज. मग, "ठेव आता. जेवायला ये."

फोन ठेवला गेला. विजयाबाई हातात निरांजन घेऊन बाहेर आल्या. गंगाधरराव अजून रिसीव्हर कानाला लावून उभे होते, त्यातून नुसता टूं टूं आवाज येत होता.

"पिंकी होती नं?" विजयाबाईंनी विचारलं. "काय म्हणाली?"

"पळाली म्हणे," गंगाधरराव म्हणाले.